दोन मिनिटांची खात्री

सोसायटीत त्यांना सगळे तपासनीस म्हणत आणि तेही त्या नावाला बिनतक्रार ओ देत. बाटल्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी झाकणं तपासली होती. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, दर शंभरावी बाटली ते उचलायचे, झाकण पिळून उघडायचे, पुन्हा लावायचे, उलटी धरून हलवायचे आणि मग बाजूच्या पिंपात टाकून द्यायचे, कारण एकदा उघडलेली बाटली विकता येत नसे. कारखान्याने त्यांना निवृत्त केलं, पण सवयीला कोण निवृत्त करणार? घरी बसल्यावर त्यांनी गॅसचं बटण, नळ, खिडक्यांच्या कड्या असं सगळं आपल्या अखत्यारीत घेतलं. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढायचे, दोन मजले उतरायचे, पुन्हा वर यायचे आणि चौथ्यांदा ओढायचे. हे कुलूप एक दिवस कंटाळून स्वतःच हातात येणार, असं समोरचे शेजारी म्हणत.

दोन वर्षांपूर्वी बायकोच्या किडन्या निकामी झाल्या आणि तपासनिसांच्या काळजीला खरंखुरं काम मिळालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला डायलिसिस. चार तास खुर्चीत पडून राहायचं, मशीन रक्त धुऊन परत देणार. केंद्र गाडीने दहा मिनिटांवर. त्यासाठीच त्यांनी एक जुनी लहान गाडी घेतली. बाईंना प्यायचं पाणी मोजून द्यायचं, पायाला सूज किती ते अंगठा दाबून बघायचं, वजन सकाळ-संध्याकाळ लिहायचं. माणूस वाईट नव्हता हो. पण त्यांच्यासोबत एका खोलीत बसलं की आपलंही काहीतरी दुखतंय असं वाटायला लागे.

मग एका सोमवारी गाडीने दगा दिला. चावी फिरवली तर नुसतं टिक्-टिक्-टिक्, आणि डॅशबोर्डवरचे दिवे पेंगल्यासारखे मिणमिणले. तपासनिसांनी सोळा वेळा चावी फिरवली. शेवटी रिक्षा शोधून केंद्रात पोहोचेपर्यंत पाऊण तास उशीर झाला होता आणि खुर्ची दुसऱ्याला दिली गेली होती. बाई दुपारपर्यंत बाकावर बसून राहिल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीचं घर केंद्राच्या अगदी समोर. ती धावत आली आणि तिने सगळ्यांसमोर सुनावलं, "ताई, तू माझ्याकडे राहायला ये. रस्ता ओलांडला की झालं."

बाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र चपला काढता काढता शांतपणे म्हणाल्या, "आणखी एकदा असं झालं ना, तर मी जाईन हं तिच्याकडे."

चाळीस वर्षांच्या संसारात बायको माहेरीसुद्धा आठ दिवसांवर राहिली नव्हती. त्या रिकाम्या घरात आपण एकटे, ही कल्पनाच तपासनिसांना सहन होईना.

पेट्रोल पंपाच्या मागे बॅटरीचं दुकान होतं. ते एक बाई चालवत. चाळिशीच्या, तोंडाने फटकळ, अंगातल्या ॲप्रनला ॲसिडने पडलेली बारीक बारीक भोकं. त्यांनी बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी-हिरवी पूड गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली, तारेच्या ब्रशने घासली, आत डिस्टिल्ड वॉटर भरलं, बॅटरी चार्जिंगला लावली आणि दुसऱ्या दिवशी टोकांना व्हॅसलीन चोपडून परत दिली. म्हणाल्या, "जपून वापरा, काका."

आता तपासनिसांना जपायला सांगणं म्हणजे आगीत तेल ओतणं. त्याच दिवसापासून ते गाडीच्या हात धुऊन मागे लागले. सकाळी उठल्या उठल्या खाली जायचे, गाडी चालू करायचे, दोन मिनिटं कान देऊन ऐकायचे, बंद करायचे. चहानंतर पुन्हा. जेवणाआधी, संध्याकाळी, झोपताना. आता चालू केलीच आहे तर मोठे दिवे लावून भिंतीवर उजेड बघायचा, वायपर दोनदा फिरवायचे, हॉर्न एकदा. वर येऊन गादीवर टेकले की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. पण तो फार वेळ तिथे राहायचा नाही. तासाभराने वाटायचं, मघाशी चालू झाली खरी, पण आत्ता होईल का?

तीन आठवडे असे गेले. मग एका रविवारी सकाळी दहा वाजता, चहानंतरच्या फेरीला, त्यांनी चावी फिरवली आणि पुन्हा तेच टिक्-टिक्.

वर खिडकीत बाई बसलेल्या. तपासनीस त्यांच्याकडे बघून उगाचच हसले, बॉनेट उघडलं, आधी काळी वायर सोडवली, मग लाल, आणि बॅटरी जुन्या पिशवीत घालून, वाकून वाकून, दर वीस पावलांवर टेकत पेट्रोल पंप गाठला.

"एवढ्यात परत?" बॅटरीवाल्या बाई म्हणाल्या. त्यांनी झाकणं उघडून रबरी फुग्याची काचेची नळी आत बुडवली, फुगा सोडून ॲसिड वर ओढलं आणि आतला तरंगता काटा डोळ्यासमोर धरला. काटा तळाला बसला होता. सहाही खणांत तेच. "पार उतरलीय. गाडी चालवता किती?"

"दहा मिनिटं जायला, दहा यायला. आठवड्यातून तीनदा."

"आणि बाकीच्या दिवशी नुसती उभी?"

इथे तपासनिसांची मान ताठ झाली. "उभी कशी ठेवीन? रोज पाच वेळा चालू करून बघतो मी."

बाईंनी नळी खाली ठेवली. "पाच वेळा? किती वेळ?"

"दोन मिनिटं. खात्री झाली की बंद. दिवे, वायपर, हॉर्न, सगळं बघतो."

बाई आधी हसल्या, मग त्यांच्याकडे बघून त्यांनी हसू आवरलं. "अहो काका, इंजिनाला पहिला धक्का द्यायला बॅटरीतून केवढं तरी जातं. ते परत भरायला गाडी रस्त्यावर चांगली वीस मिनिटं पळायला लागते. तुम्ही रोज पाच वेळा काढताय, वर दिवे लावताय, आणि भरत तर काहीच नाही. हिला दुसऱ्या कुणी नाही मारली. तुम्हीच मारलीत, काळजी घेऊन घेऊन."

तपासनिसांना थोबाडीत मारल्यासारखं झालं. बत्तीस वर्षांत त्यांच्या तपासणीला कुणी नावं ठेवली नव्हती. "म्हणजे बघायचंच नाही?"

"नाही."

"मग ठीक आहे की नाही ते कळणार कसं?"

"नाही कळणार," बाई सहज म्हणाल्या. "बाहेर निघताना चावी फिरवली की कळेल. सगळ्यांना तसंच कळतं."

"दोन तासांत चार्ज करून द्या. उद्या सातला मिसेसचं डायलिसिस आहे."

"घाईने भरली तर तापेल, आतल्या प्लेटा वाकतील. एवढी उतरलेली बॅटरी हळूहळूच भरावी लागते. उद्या नऊला दुकान उघडलं की न्या. त्याआधी नाही, काका. मी खोटं कशाला सांगू?"

त्यांनी आणखी दोनदा विचारून बघितलं. मग दुकानाच्या दारात उभं राहून बॅटरीला लावलेले लाल-काळे चिमटे घट्ट बसलेत का ते बघायला हात पुढे केला, तेव्हा बाईंनी त्यांना घरी पिटाळलं.

घरी जायचा रस्ता सात मिनिटांचा. त्यांना पाऊण तास लागला. वाटेत त्यांनी तीन थापा रचल्या आणि तिन्ही मोडल्या, कारण थाप मारायची सवय त्यांना नव्हती. शेवटी हात काळे, सदऱ्यावर ॲसिडचा डाग, अशा अवताराने ते बायकोसमोर जाऊन उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले. बॅटरी कशाने गेली तेही सांगितलं. उद्या रिक्षा करू, साडेसहालाच करू, मी पाचला जाऊन थांबवून ठेवतो, असंही म्हणाले.

बाई ऐकत होत्या. सुई टोचून टोचून गाठाळलेला डावा हात त्यांनी उशीवर टेकवला होता.

"मी जाणार आहे हो," त्या म्हणाल्या. "पण गाडीसाठी नाही. गाडीचं काय, रिक्षा मिळतेच."

"मग?"

"मला झोपायचंय." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच तपासनिसांना जास्त लागलं. "रात्री चार-चारदा उठवता तुम्ही मला. खांद्याला हलवता, बरी आहेस ना, श्वास नीट चाललाय ना, म्हणून विचारता. मी दचकून उठते, हो म्हणते. तुमची खात्री होते, तुम्ही कूस बदलून घोरायला लागता. आणि मी उजाडेपर्यंत छताकडे बघत पडते. दोन वर्षं झाली याला. सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून बोलले नाही."

तपासनिसांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, की ही एकदा गेली की परत येणार नाही. नीट झोप मिळाल्यावर कोण परत येईल?

संध्याकाळी धाकटी बहीण गाडी घेऊन आली. तपासनिसांनी बॅग खाली आणली. औषधं, वजनाची वही, पाणी मोजायचा पेला, सगळं दोनदा बघून भरलं होतं. तिसऱ्यांदा चेन उघडायला गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"भावोजी, रोज फोन करत जा," मेहुणी म्हणाली.

"नको," बाई म्हणाल्या. "मीच करीन, मला वाटेल तेव्हा."

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला ते दुकानात हजर झाले. बॅटरीवाल्या बाईंनी नळीतला काटा वर आलेला दाखवला आणि बजावलं, "मंगळवारी आणि गुरुवारी बाहेरच्या मोठ्या रस्त्याला चाळीस मिनिटं चालवायची. मध्ये हात लावायचा नाही." तपासनिसांनी आधी लाल वायर जोडली, मग काळी, आणि बॉनेट बंद करून वर आले.

पहिले दोन दिवस त्यांनी घरातलं काही म्हणून सोडलं नाही. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, गळत नसलेल्या नळाचा वॉशर बदलला आणि मग तो गळायला लागला. फोन डाव्या खिशातून उजव्यात, उजव्यातून टेबलावर, टेबलावरून पुन्हा खिशात. बाईंचा नंबर काढायचे, अंगठा वर धरायचे आणि फोन पालथा घालून ठेवायचे. रात्री झोपेत हात शेजारी जायचा आणि गार चादरीला लागायचा. मग बराच वेळ ते स्वतःच छताकडे बघत पडायचे. एका रात्री त्यांनी मोजलं, उजाडायला किती वेळ लागतो ते. फार वेळ लागला. अशा सातशे रात्री तिने काढल्या, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं आणि माणूस एकटा असतानाच रडतो तसे ते रडले.

मंगळवारी चाळीस मिनिटं, गुरुवारी चाळीस मिनिटं. मोठ्या रस्त्याला गाडी एका वेगात पळायची, बाजूची गोदामं आणि नर्सरीतली कुंड्यांतली झाडं मागे जायची, आणि तपासनिसांना करण्यासारखं काहीच नसायचं. पहिल्या दिवशी त्यांना ती चाळीस मिनिटं खायला उठली. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी खिडकीची काच खाली केली. दुसऱ्या गुरुवारी ते वळायचं विसरले आणि पासष्ट मिनिटांनी घरी आले.

दोन आठवडे फोन आला नाही. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी सकाळी सात ते अकरा ते खुर्चीत बसून राहायचे, पाय हलवत, पण बसून. केंद्राकडे फिरकले नाहीत. त्यांच्या हिशोबी हे त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम होतं, आणि मला वाटतं तो हिशोब बरोबर होता.

रविवारी दुपारी फोन वाजला.

"जेवलात?" बाईंनी विचारलं.

"जेवलो." तपासनिसांच्या जिभेवर सतरा प्रश्न आले. वजन किती, सूज आहे का, पाणी किती, रक्तदाब किती. त्यांनी गिळले. "तू?"

"जेवले. झोपते छान. डॉक्टरपण म्हणाले, चेहरा बरा दिसतोय."

"बरं झालं," ते म्हणाले. खरोखरच बरं झालं होतं, आणि तीच तर भीती होती. ती तिकडे बरी आहे, म्हणजे ती तिकडेच राहणार.

मग बाईंनी विचारलं, "गाडी चालू होते का?"

"गुरुवारी होत होती."

"आणि आज?"

"माहीत नाही. त्यानंतर बघितली नाही."

"तीन दिवस?"

"तीन दिवस."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. फोन कट झाला की काय, असं वाटून ते विचारणार होते, ऐकू येतंय का म्हणून. पण तेही विचारलं नाही. फोन कानाला धरून थांबून राहिले.

"मग उद्या अकराला न्यायला या," बाई म्हणाल्या. "माझं आटोपेल तेव्हा. आणि येताना जरा लांबच्या रस्त्याने घेऊन या, मला बऱ्याच दिवसांत कुठे जायला मिळालं नाही."

फोन ठेवला. चावी दाराजवळच्या खिळ्याला होती. उद्या अकरा वाजायला अजून एकवीस तास होते, आणि गाडी चालू होईल की नाही ते तपासनिसांना माहीत नव्हतं. त्यांनी खाली बघितलं, तर पायांत चपला घातलेल्या होत्या, कधी घातल्या कुणास ठाऊक. त्यांनी त्या काढल्या, भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि पलंगावरची चादर बदलायला घेतली.