तेलाची शिशी

अकोल्याच्या पोलीस ठाण्यात मी मालखाना, म्हणजे जमा झालेली हत्यारं-मुद्देमाल ठेवायची खोली, सांभाळायचो. निवडणूक लागली की एक म्हातारा दीडशे वर्षांपूर्वीची आपली परवान्याची तीन रिव्हॉल्व्हरं जमा करायला यायचा. त्यांच्या गोळ्या आता कुठेच मिळत नाहीत, तरी नियम म्हणजे नियम. सोबत तेलाची शिशी द्यायचा. "हप्त्यातून एकदा तेल लावजा, सायेब."

परत नेताना तो एकेकाचं चक्र कानाशी फिरवायचा आणि टिकटिक ऐकून हसायचा.

यंदा मालखाना गळला. तिन्ही चक्रं गंजून अडकली. निवडणुकीनंतर न्यायला आला तेव्हा त्यानं तिन्ही कानाशी धरून पाहिली.

"राहू द्या इथंच. ह्या लोखंडाले घरी नेऊन काय करू?"

मग टेबलावरची शिशी उचलून उजेडात धरली. ती भरलेलीच होती. ती परत टेबलावर ठेवून तो गेला.