पायावरची तारीख

ही हकिकत लिहायची मी आजवर टाळली. आधी कामाची सबब होती, मग तब्येतीची. खरं कारण एवढंच की, ती लिहिली असती तर पहिल्या ओळीपासून माझं नाव आलं असतं. आमच्या गावात एखादी गोष्ट ऐनवेळी दगा देणारी निघाली की लोक म्हणतात, "हा तर छत्रीवाल्याचा पाया!" ज्यांनी त्या माणसाला कधी पाहिलंही नाही तेही म्हणतात. म्हणून आता लिहायलाच हवं.

छत्रीवाले नाना दोंडाईच्याकडचे गवंडी. मुक्ताईनगरपासून जवळच्या आमच्या गावात ते कामासाठी येऊन राहिले होते. मोठे बंगले त्यांनी बांधले नाहीत. धुण्याचा दगड बसवायचा चौथरा, मोटारीचा पाया, पाण्याच्या टाकीखालचा ओटा अशी बैलगाडीभर मालाची कामं त्यांची. त्यांच्याकडे एक काळी छत्री होती, दोन काड्या मोडलेली. काँक्रीट ओतून झालं की ते शेजारी उकिडवे बसत आणि छत्री त्या ओल्या मालावर धरत. स्वतः मात्र वैशाखाच्या उन्हात. येणारेजाणारे थांबून टोमणे मारत, "नाना, डोक्यावर धरा ना! सिमिटाले काय ऊन लागतं?"

नाना अहिराणीत उत्तर देत, "मन्हं डोकं कव्हयच पक्कं व्हई गये, भाऊ. हाई आजून कच्चं शे."

मालात पाणी घालताना ते फार कंजूष. घमेल्यातला माल मुठीत दाबून पाहत. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. मजूर वैतागायचे, कारण घट्ट माल कालवताना कंबर मोडते. कोणी नजर चुकवून तांब्याभर पाणी जास्त ओतलं तर नाना फावडं हातातून काढून घेत. "पानी मालमा नही, मालवर टाकानं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि मालावर पाणी टाकण्यात मात्र त्यांचा हात सढळ. गोणपाट दुपारीच वाळतं म्हणून ते घड कापलेल्या केळीचा खांब उभा चिरत, त्याची ओली सोपटं पायावर एकावर एक अंथरत आणि दिवसातून चार वेळा भिजवत. आमच्या भागात केळीला तोटा नाही, पण ही युक्ती आम्हाला शिकवली ती बाहेरून आलेल्या या माणसानं.

गुरमाळा फिरवायला ते कधीच घाई करत नसत. वर आलेलं पाणी आटेपर्यंत थांबत. मग बोटाचं टोक हलकेच टेकवून पाहत, आणि एकदाच, मागे सरकत सरकत, सगळं गुळगुळीत करत. शेवटी खिशातून एक खिळा काढून कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख कोरत. सही नाही, नाव नाही, नुसती तारीख. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जल्मतारीख शे त्यानी. कोनी इचारं तर तो सोता सांगी."

माझ्या शेतात सौरपंप मंजूर झाला तेव्हा त्याच्या खांबाचा पाया मी नानांनाच सांगितला. विहिरीला पाणी होतं, पण वीज येईल तेव्हा येईल, आणि केळी डोळ्यांदेखत माना टाकत होती. पाया ओतला त्याच संध्याकाळी मी विचारलं, "दोन-तीन दिवसांत खांब उभा करता येईल ना?"

नाना हसले. "भाऊ, आजून पाचवीबी नही व्हयनी, अन् तुम्ही लगननी पत्रिका वाटी ऱ्हायनात!" मग गंभीर झाले. त्यांना पुतणीच्या लग्नाला गावी जायचं होतं. निघताना त्यांनी सोपटं पुन्हा भिजवली आणि माझा हात धरून सांगितलं, "मी येस तोलोंग हात लावू नका."

"काळजी करू नका, नाना," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सौरपंपाच्या कंपनीच्या माणसांचा फोन आला. गाडी दुपारी येणार. आज काम झालं नाही तर पुढची फेरी महिन्याने. पाया आठवड्याचा झालेला नसेल तर ते खांब चढवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी शेतात गेलो, सोपटं काढून बांधावर फेकली, मूठभर सिमेंट कालवलं आणि नानांची तारीख बुजवली. वरून बोट फिरवलं. दुपारी कंपनीची माणसं आली, त्यांनी विचारलं, "पाया कधी भरला, काका?" मी म्हणालो, "नऊ दिवस झाले." त्यांनी खांब उभा केला, नट आवळले, वर सोलरचे पत्रे चढवले. संध्याकाळी पाणी पाटात आलं आणि मला वाटलं, जिंकलो.

तिथून दहा-बारा दिवसांत वादळ आलं. केळी तर सगळ्यांचीच झोपली. पण शेजारच्या शेतांतले सौरपंप उभे राहिले आणि माझा खांब बोल्टांसकट पाया फोडून आडवा झाला. पाहायला अर्धं गाव जमलं. कंपनीचा माणूस फुटलेला तुकडा हातात फिरवत म्हणाला, "कच्चा माल. कोणी भरला हा?"

मी म्हणालो, "नानांनी."

खोटं काय होतं त्यात? पण त्या एका खऱ्या शब्दावर बाकीचं सगळं गावानंच रचलं. कोणी म्हणालं सिमेंट खाल्लं असेल, कोणी म्हणालं छत्री धरायची नुसती नाटकं. नाना गर्दीतच होते, लग्नाहून आदल्या रात्रीच परतलेले. ते पुढे आले, गुडघ्यांवर बसले, विहिरीवरच्या तांब्यातलं पाणी तारखेच्या कोपऱ्यावर ओतलं आणि अंगठ्यानं घासलं. ओल्यात माझ्या सिमेंटचा रंग वेगळा दिसला. त्यांनी मान वर केली आणि मला एकट्याला ऐकू जाईल असं विचारलं, "तारीख कोठे गई, भाऊ?"

"कुठली तारीख?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, लोकांना काही दाखवलं नाही. छत्री काखेत घेतली आणि बांधावरून निघून गेले. त्यांच्या हातात ठरलेली तीन कामं होती. तिन्ही दुसऱ्याकडे गेली. पंधरवड्यात त्यांनी गाव सोडलं.

दोन वर्षांनी मी भुसावळहून गाडी धरून दोंडाईच्याला गेलो. एक वाक्य घोकून ठेवलं होतं. एका घरापुढे टाकीचा ओटा ओतून नाना त्यावर छत्री धरून बसले होते. "या भाऊ," म्हणाले. घरातून चहा मागवला, केळीची चौकशी केली. मी विटेवर बसून राहिलो. त्यांनी बोट टेकवून पाहिलं, गुरमाळा फिरवला, तसाच मागे सरकत. मग हात पुसले आणि पुन्हा छत्री धरली. खिळा निघालाच नाही.

"नाना, तारीख?" मी विचारलं.

"आते नही टाकत मी."

घोकलेलं वाक्य सोडून मी पाऊसपाण्याचं बोललो. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठलो. ते उठले नाहीत. "छत्री सोडता येत नही, भाऊ," म्हणाले, आणि नजर ओट्यावरच ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात नाना वारल्याचं कळलं. ते वाक्य काही मोठं नव्हतं. आज सगळ्या गावासाठी लिहितो आहे, पण ते होतं एकट्या त्यांच्यासाठी: नाना, तुमचा पाया पक्का होता, तारीख मी बुजवली.