समोरून आलेला डिपर

काल, शनिवार. दुपारी आष्टीहून निघालो, दिवेलागणीच्या आत वर्ध्याला पोचलो. सासूबाईंचे डोळे दाखवायचे आहेत, म्हणून त्यांना माझ्याकडे घेऊन आले. गाडी प्रकाशभाऊजी चालवत होते, माझे दीर.

मी इथे ग्रुपवर सहसा काही लिहीत नाही. हे गेल्यापासून तर नाहीच... माझ्या मिस्टरांना जाऊन आता वर्ष होईल. याच रस्त्यावर, आर्वीच्या पुढे.

तळेगाव सोडलं आणि समोरून येणाऱ्या एका ट्रकने डिपर दिला. दोनदा लाइट मारला आणि निघून गेला. भाऊजींनी लगेच स्पीड कमी केला, बेल्ट ओढून लावला. मी मागे आईंजवळ बसले होते.

"काऊन लाइट मारून राह्यला थो?" आईंनी विचारलं.

"समोर पोलीस हायेत म्हणून सांगून राह्यला, आई. स्पीड मोजाची गाडी उभी असन."

"तुया वळखीचा होता का?"

"नाई वो. सगळेच सांगतात. बिनपैशाची सेवा हाये हे," भाऊजी हसले.

आणि खरंच, वळणावर झाडाखाली पोलिसांची गाडी उभी होती. आम्ही अगदी शहाण्यासारखे तिच्यासमोरून गेलो. थोडं पुढे गेल्यावर भाऊजींनी बेल्ट काढला, स्पीड वाढवला आणि समोरून येणाऱ्या दोन-तीन गाड्यांना स्वतःच डिपर दिला. मी म्हटलं, भाऊजी, राहू द्या. मी बेल्टचं म्हणत होते, त्यांना वाटलं डिपरवरून बोलतेय.

"गुन्हा थोडीच हाये, वहिनी. कोनत्याही वकिलाले इचारा."

मी विचारलं होतं. मागेच. आमच्या गल्लीत एक वकील राहतात, त्यांना. पोलीस आहेत हे कळवायला डिपर देणं गुन्हा आहे, असं सरळ सांगणारं कलम त्यांच्या माहितीत नाही म्हणाले. समोरच्याचे डोळे दिपतील असा लाइट मारला तर दंड होऊ शकतो. पोलिसांनी कामात अडथळा आणला म्हणून धरलं तर वाद होऊ शकतो, पण ते टिकेल का, हे त्यांनाही नक्की सांगता येईना... मी हे का विचारतेय ते त्यांनी विचारलं नाही. मला तेव्हा कोणीतरी दोषी हवं होतं, इतकंच.

आई खिडकीबाहेर बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "असे रस्त्यावरचे लोकं सांगतात... मंग माया पोराले काऊन कोनी नाई सांगतलं?"

भाऊजींनी आरशातून आईंकडे पाहिलं. मी खिडकीची काच वर केली.

ह्यांना सांगितलं होतं.

त्या दिवशी ह्यांच्याबरोबर गाडीत त्यांचे मित्र गजूभाऊ होते. त्यांनी हॉस्पिटलमध्ये मला एकटीला सांगितलं. संध्याकाळची वेळ होती. समोरून दोन गाड्या आल्या, दोन्हींनी डिपर दिला. हे म्हणाले, "पोलीस हायेत वाटते, बेल्ट लाव गज्या." दोघांनी बेल्ट लावले, गाडी हळू केली. बरंच अंतर तसेच गेले. पोलीस काही दिसले नाहीत. गेले असतील उठून, असं म्हणून ह्यांनी बेल्ट काढला आणि स्पीड वाढवला...

वळणापलीकडे कापसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून आलेले लोक त्या ट्रॉलीबद्दल सांगत होते.

गजूभाऊंचा बेल्ट काढायचा राहिला होता. म्हणून ते आज आहेत.

वर्षभर मी याच एका गोष्टीपाशी अडकले आहे. कोणी सांगितलं नसतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण सांगितलं होतं. ह्यांनी ऐकलंही होतं, गाडी हळूही केली होती. आपल्याकडे त्या लाइटचा एकच अर्थ उरला आहे... पोलीस. पोलीस दिसले नाहीत म्हणजे आता भीती नाही. गुन्हा आहे की नाही, यावर लोक वाद घालतात. मला त्याचं आता काही वाटत नाही. कायदा कसाही असला तरी ह्यांनी तो बेल्ट काढलाच असता.

ती जागा आली. आईंनी माझा हात धरला होता. त्यांना नक्की जागा माहीत नाही, तरी धरला होता.

घरी आल्यावर आई आत जाऊन पडल्या. भाऊजींना लगेच आष्टीला परत निघायचं होतं. गेटपाशी मी त्यांना सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. ते गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते.

"आईले नका सांगू, वहिनी," एवढंच म्हणाले. मग गाडीत बसले. बेल्ट लावल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

हे सगळं भाऊजींना फोन करून, विचारूनच लिहिते आहे. आई फोन वापरत नाहीत. तुमच्यापैकी जे गाडी चालवतात त्यांना एवढंच म्हणायचं आहे... डिपर आला आणि पोलीस दिसले नाहीत, तर गाडी हळूच राहू द्या.

काल भाऊजी गेल्यावर आत गेले तर आई जाग्याच होत्या. "काय सांगत होती त्याले येवढा वेळ?"

"हळू जा म्हटलं."

"सांगत जाय," त्या म्हणाल्या. "सांगनारं पायजे कोनी."

मी स्वयंपाकघरात गेले आणि दोघींपुरती कणीक भिजवली.