चौकशीचे फोन

सोसायटीच्या गेटवर सेक्रेटरीचा नंबर लिहितात तो पाणी, लिफ्ट आणि पार्किंगसाठी, असं मी समजत होते. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीची मी सहा वर्षं सेक्रेटरी आहे. पाण्याचे आले तेवढेच फोन लग्नाच्या चौकशीचे आले! आता इतके किस्से साठलेत की विसरायचे म्हटलं तरी विसरता येत नाहीत. ऐकणारे हसतात. मी मात्र अनोळखी नंबर दिसला की अजूनही आधी ग्लासभर पाणी पिते.

*

पहिला फोन सदाशिव पेठेतल्या एका आजोबांचा. "आपण सेक्रेटरी ना? बी विंगमधल्या त्या इंजिनिअर मुलाचं स्थळ आमच्या नातीला आलंय. कसा आहे?"

मी नवीन होते, खरं बोलले. "मुलगा हुशार आहे. फक्त गाडी दुसऱ्याच्या जागेत लावतो."

"कळलं. ठेवतो."

स्थळ मोडलं! माझं वाक्य मुलाच्या आईपर्यंत जसंच्या तसं पोचलं. आजही मी लिफ्टमध्ये शिरले की त्या बाहेर पडतात. गुडघे दुखतात बिचारीचे, तरी पाच मजले चढून जातात.

*

मी घाबरून चेअरमनकडे गेले. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बाई, लग्न जमलं तर आपलं नाव कुणी काढत नाही. मोडलं की आपलंच निघतं. सगळ्यांना चांगलं म्हणायचं आणि फोन ठेवायचा."

मी एक वाक्य कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. 'सालस आहे, घरचे सज्जन आहेत, काही तक्रार नाही.'

पुढच्याच फोनला ते वाचून दाखवलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "अहो, पुण्यात इतकं चांगलं कुणी कुणाबद्दल बोलतं का? काय लपवताय?"

मी तेच वाक्य पुन्हा वाचलं.

*

एक गृहस्थ फारच बारीक चौकशी करणारे. "मुलगी ऑफिसातून घरी कशी येते?"

"कंपनीची कॅब सोडते."

"पुढे बसते की मागे?"

मी कशाला बघायला जातेय! पण 'माहीत नाही' म्हटलं तर वेगळाच अर्थ निघायचा. "मागे," मी ठोकून दिलं. पुढचे दोन दिवस ती मुलगी कॅबमधून उतरायच्या वेळेला मी खिडकीत उभी. पुढे बसू नकोस गं बाई!

*

एकदा तर चौकशी आली ती ए विंगमधल्या सातव्या मजल्यावरच्या मुलाची. म्हणजे आमच्याच निखिलची! मी त्याची आई, याचा फोनवरच्या बाईंना पत्ता नव्हता. मी आवाज सरळ ठेवून फ्रिजवरचं वाक्य म्हटलं.

"आणि मुलाची आई कशी आहे?"

त्याचं उत्तर फ्रिजवर नव्हतं. "घाबरट आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग चालेल!" त्या म्हणाल्या. सून आली ती या एका शब्दावर.

*

सायली तिसऱ्या मजल्यावरची. लहानपणी शाळेतून आली की घराची किल्ली माझ्याकडून न्यायची. आता हडपसरला आयटीत आहे. मागच्या महिन्यात एका दुपारी आली आणि दार लावून घेतलं.

"काकू, उद्या तुम्हाला नाशिकच्या स्थळाकडून फोन येईल. त्यांना सांगा, मी एका मुलाबरोबर फिरते."

"अगं, काय बोलतेस हे!"

"खरंच फिरते. तीन वर्षं झाली. माझ्याच टीममध्ये आहे, अकोल्याचा. जात वेगळी आहे. बाबांना सांगितलं तर फोन बंद, नोकरी बंद, घराबाहेर पडणंही बंद. पण नकार तिकडूनच आला तर मी वाचते. प्लीज, काकू."

तिने माझे हात धरले. मी म्हटलं, "सांगते." खरंच सांगणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्वयंपाक करता करता तेच पाठ करत होते.

फोन आला. बाईंचा आवाज मऊ होता. "सायली मुलगी कशी आहे हो?"

तिच्या वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या बाई आठवल्या. नजर फ्रिजवर गेली.

"सालस आहे," मी म्हटलं. "घरचे सज्जन आहेत. काही तक्रार नाही."

रविवारी बेल वाजली. दारात सायलीचे वडील, हातात पेढ्यांचा बॉक्स. मागे सायली, साडी नेसलेली.

"अहो, तुमच्या शब्दावर जमलं! 'सालस आहे, काही तक्रार नाही', तुम्ही बोललात ते सगळं त्यांनी आम्हाला सांगितलं. म्हणाले, आता आणखी कुणाला विचारायची गरजच नाही. सायली, काकूंच्या पाया पड. आणि पेढा तूच दे."

ती वाकली. उठली आणि पेढा माझ्या तोंडापुढे धरला. माझं तोंड उघडेना.

"घ्या ना, काकू," सायली म्हणाली. "काही तक्रार नाही."