नावेतली सोवळ्याची फळी

सोलापूरहून माझ्या माहेरी जायचं म्हणजे होटगीपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी आणि शेवटी भीमेवरची नाव. त्या नावेत मधोमध, तळापासून काठाच्या उंचीपर्यंत एक आडवी फळी ठोकलेली होती. पुढे आम्ही सोवळ्यातले, मागे गावकुसाबाहेरचे. माणसं एकमेकांना शिवत नव्हती, पण नावेच्या तळाशी साचलेलं पाणी फळीच्या फटींतून इकडून तिकडे जायचं. पाण्यातूनही विटाळ होतो म्हणून गावच्या वडीलधाऱ्यांनी फटींत चिंध्या ठासून वर डांबर फासून घेतलं. भोवती अख्खी भीमा वाहत होती, तिला कुणी विचारलं नाही.

भावाच्या लग्नाला निघाले तेव्हा मांडीवर माझी तान्ही मुलगी आणि शेजारी सासूबाई. नदी चढलेली. मध्यावर नाव पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या बुंध्यावर आदळली आणि आमच्याच बाजूला तळ फुटला. बघता बघता पाणी गुडघ्याला लागलं.

"मागं या की समदी! पुडं थांबू नगा!" नावाडी ओरडला.

फळीपलीकडून एका बाईने हात पुढे केले. "बाईसाब, लेकरू द्या हिकडं."

"शिवू देऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या. पाणी त्यांच्याही गुडघ्याला होतं! असा संताप आला की काय सांगू. मी मुलगी त्या बाईच्या हातांत दिली आणि फळी ओलांडली. मग सगळेच ओलांडू लागले. सासूबाई सर्वांत शेवटी, त्याच बाईचा हात धरून. पुढचा भाग भरला, नावेचं तोंड खाली गेलं, पण फळीने पाणी अडवलं आणि आम्ही काठाला लागलो. तिथे सासूबाईंनी आधी मुलीला आंघोळ घातली. नदीच्याच पाण्याने.

गिरणीत कारकून असलेल्या माझ्या यजमानांनी पुढे कुठूनसं वाचून सांगितलं, की मोठ्या आगबोटींत असे बंद कप्पे मुद्दाम करतात, म्हणजे एक फुटला तरी बोट तरते. साहेबांनी डोकं लढवून केलं, ते आमच्याकडे सोवळ्यापायी होऊन बसलं होतं! वडीलधाऱ्यांना तर आनंदच झाला. फळीने जीव वाचवले म्हणून त्यांनी ती आणखी हातभर उंच करून घेतली.

पुढच्या खेपेला मी मुलीला घेऊन मागच्या बाजूला, फळीला लागून बसले. तिथल्या बाया आधी बिचकल्या, मग सरकून त्यांनी जागा दिली. सासूबाई पुढे, तोंड फिरवून. मध्यावर नाव कशाला तरी घासली. बघते तर त्या उंच फळीवरून सासूबाईंचा हात आला होता आणि त्याने माझा पदर घट्ट धरला होता.