घाटावरचा खळगा

नदीकाठच्या नव्या पायवाटेवरून आम्ही सकाळी हिंडत होतो. पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडचं देऊळ त्यात तरंगत असल्यासारखं दिसत होतं. घाटाच्या पायरीवर एक गुळगुळीत खळगा होता. आमच्या वारसा-फेरीत वाट दाखवणारा म्हणाला, "हा काळानं घडवलाय."

तिथंच धुणं धुणाऱ्या आजी हसल्या. "काळानं कशाला? आधी माझ्या सासूनं, मग मी."

मी खळग्यात हात ठेवला. दगड असून मऊ लागला. वारसा म्हणजे हेच असेल का, रोज हात लागून झिजत गेलेलं काहीतरी?

आजींनी शेजारच्या नव्या पाटीकडे बोट केलं. "काय लिवलंय गं?"

पाटीवर दोन ओळी होत्या : 'वारसा जपा. येथे कपडे धुण्यास मनाई आहे.'

मी पहिलीच ओळ वाचून दाखवली.