सावरटेकची विहीर

जालन्यातल्या आमच्या नकाशांच्या ऑफिसात धूळ आणि किस्से सारख्याच वेगानं साचतात. धूळ निदान झटकता तरी येते!

नोकरीचा पहिलाच आठवडा. शाळांसाठी छापायचा जिल्ह्याचा नकाशा तपासत होते. भोकरदनच्या वाटेवर 'निंबतळ' दिसलं आणि मी दचकलेच. माझं आजोळ तिकडचं. असलं गाव तिथे नाहीच! धावतच आमच्या मालकांकडे, साळवे सरांकडे गेले.

"हळू बोल!" सरांनी आधी दार लावलं. "ते आपणच टाकलंय. कुणी आपला नकाशा चोरून छापला, की निंबतळ पण त्याच्या नकाशात जातं. मंग चोर सापडला!"

*

नव्या नकाशात खोटं गाव टाकायची पाळी माझ्यावर आली. मला एकच धास्ती: कुणी खरंच तिथे गेलं तर? म्हणून बदनापूरच्या पलीकडची उजाड टेकडी निवडली. नाव ठेवलं सावरटेक.

कॉम्प्युटरवर नकाशे काढणारे गजूभाऊ म्हणाले, "ताई, पाणी न्हाई तिथं. लोकं जगतेत कशे?"

मला वाईटच वाटलं. विहिरीची खूण टाकली. मग शाळा. मग शाळेपर्यंत पायवाट.

सर ओरडले, "बस कर! आता सरपंच बी निवडतीस का?"

शाळा आणि वाट पुसली. विहीर तेवढी राहिली.

*

पुढे बाजारात दुसऱ्याच छापखान्याचा नकाशा आला. त्यात सावरटेक! विहिरीसकट! सरांनी आधी पेढे वाटले, मग भांडायला गेले. मला सोबत नेलं.

छापखानेवाला बिलकुल डगमगला नाही. "चोरी कशाची? गाव आहेच. आमचा माणूस जाऊन आला. चहा पिऊन आला!"

माझी जुनी धास्ती परत आली. खरंच कुणी गेलं?

"बराबर," सर म्हणाले. "उद्या आपण सगळेच जाऊ चहाला."

*

गेलो. टेकडीवर दगड, कुसळं आणि वारा. एक माणूस नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"कुठंय चहा?" सर खूश होऊन विचारत होते. छापखानेवाला मोबाइलमध्ये डोकं घालून उभा.

तेवढ्यात खाली एक जीप थांबली. कडक इस्त्रीची टोपी घातलेले एक मामा धापा टाकत वर आले. हातात आमचाच नकाशा.

"सावरटेक हेच ना? पोरगी द्यायची हाये, घर बघायला आलो. पोराकडचे म्हन्ले, विहिरीला लागून पह्यलंच घर. नकाशात विहीर दिसली, म्हनून तर हो म्हन्लो!"

सर माझ्याकडे वळले.

"सांग त्यांना," म्हणाले. "गाव तुझं आहे."